दिवाळीची सुट्टी, नऊ पोरं आणि त्यांनी न केलेले नऊ आकाशकंदील

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज मोबाईल, ॲप, नोकरी, पगार यातलं काहीच नाही. आज विषय आहे दोन-तीन वर्षांची पोरं आणि दिवाळी. "दादा, आमची तर लग्नंच व्हायचीत" असं म्हणून बंद करू नका. घरात भाचा असेल, पुतणी असेल, शेजारचं पोरगं असेल, आणि येत्या सुट्टीत कधीतरी ते तुमच्या अंगावर सोडून सगळे फराळाला बसणार आहेत. तेव्हा आठवण येईल.

मी आहे सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, चार वर्षं पुण्यात काढली, मग कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तसा नाशिकला परत आलो. आमचं घर सिडकोत. खाली आईचं पाळणाघर, वरच्या खोलीत माझं ऑफिस. खाली नऊ पोरं. सगळ्यात लहान दीड वर्षाचं, सगळ्यात मोठं साडेतीन. माझ्या मीटिंगमध्ये मागून रडण्याचा आवाज आला की परदेशातला क्लायंट विचारतो, "युअर किड?" मी म्हणतो, "नऊ आहेत."

पोरं आईला मावशी म्हणतात, मला दादा. आई-बाप बहुतेक अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत, कोणी बँकेत, एक नर्स. कायद्याने २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. पण पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपला तो लागूच होत नाही. मग कोणाची तरी मावशी लागते. दिवाळीत तर जास्तच, कारण शाळांना सुट्टी लागते पण कारखाना धनत्रयोदशीपर्यंत चालू असतो. मोठ्या भावंडांना आजोळी धाडता येतं, दोन वर्षांचं पोर कुठे धाडणार? त्यामुळे दिवाळीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे फुल्ल.

तर गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची. आणि आधीच सांगतो, चूक माझी होती.

आईचं पाळणाघर तेव्हा बारा वर्षं जुनं होतं. फोटो नाही, ग्रुप नाही. संध्याकाळी पालक आले की आई सांगायची, "आज वरण-भात संपवला, दुपारी दीड तास झोपला." बस. मी नवीनच परत आलो होतो, अंगात उत्साह. म्हटलं, आई, असं कसं चालेल? आजूबाजूच्या प्लेग्रुपमध्ये बघ, रोज ॲक्टिव्हिटी, रोज फोटो. मीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पिंटरेस्टवरून चित्रं पाठवली. आणि जाहीर केलं की दिवाळीला प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने आकाशकंदील करून घरी नेणार. ग्रुपवर नऊ अंगठे आणि सतरा टाळ्या.

आता जरा विचार करा. दोन वर्षांचं पोर खडू कसं धरतं? अख्ख्या मुठीत, वरण ढवळायच्या पळीसारखं. कात्री त्याला चालत नाही. सरळ रेघेवर चिकटवणं जमत नाही. एका जागी पाच-सात मिनिटं बसलं तर डोक्यावरून पाणी. आणि मी त्याला सांगतोय की कार्डशीट दुमडून, चिरा पाडून, खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या लाव. कामाच्या भाषेत सांगायचं तर मी टीमला न विचारता क्लायंटला तारीख देऊन टाकली होती. टीम म्हणजे आई.

झालं काय, प्रत्येक पोराचं बोट रंगात बुडवून कागदावर एकदा टेकवलं. तेवढा त्यांचा वाटा. बाकी सगळं आईने केलं. रात्री साडेबारापर्यंत खळ शिजवून, खालच्या खोलीत फरशीवर मांडी घालून. मी वर झोपलो होतो. रात्री पाणी प्यायला उतरलो तर ती आठव्या कंदिलाच्या झिरमिळ्या लावत होती. मी म्हटलं, "मस्त झालेत गं." आणि परत वर गेलो. हे आठवलं की आजही कसंतरी होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटप. एक मुलगी होती, तिला आपण चिमणी म्हणू. अडीच वर्षांची. तिच्या बाबांनी कंदील हातात घेतला आणि फोनवर व्हिडिओ सुरू करून विचारलं, "अरे वा! हे कोणी केलं?" चिमणीने एकदा कंदिलाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि म्हणाली, "मावशीने."

बाबा म्हणाले, "नाही नाही, तू केलंस ना?"

"नाही. मावशीने केलं. मी बोट केलं."

सगळे हसले. आईही हसली. पण रात्री पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीला खोटं बोलायला लावत होतो आपण." आणि मग, "मला हे नाही जमणार बाळा. पोरं सांभाळायची की तुझे फोटो? दिवाळीनंतर बंदच करते. बारा वर्षं झाली, पुरे झालं."

हे ती रागाने बोलली असती तर मी विसरलो असतो. ती शांतपणे बोलली.

मग मी माणसाने करावं तेच केलं, म्हणजे उशिरा वाचायला बसलो. आमच्याकडे कपाटात अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आहे. आईने लग्नाआधी बालवाडीचा कोर्स केला होता, तेव्हाचं. मी ते आयुष्यात उघडलं नव्हतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी. अनुताई तिथे त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आणि साधनं काय होती? माँटेसरीची महागडी लाकडी साधनं कुठून आणणार? शिंपले, बिया, पानं, खडे, माती. जे पोरांच्या पायाखाली होतं ते.

आई म्हणाली, "तुझ्या पिंटरेस्टच्या आधीपासून आहे हे." मी काय बोलणार.

दुसरी एक बाई मला भेटली इंटरनेटवर. र्‍होडा केलॉग, सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडी चालवणारी. तिने आयुष्यभर लहान मुलांची चित्रं गोळा केली, लाखोंनी. मला तर डेटासेट म्हणूनच त्याचं कौतुक वाटलं. तिने गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार वेगळे काढले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गोल गोल असे. १९६९ मध्ये तिचं मोठं पुस्तक आलं. गंमत म्हणजे पुढच्या टप्प्यात मुलं गोलात फुली काढतात, त्या आकाराला तिने नाव दिलं मंडल. आपला संस्कृत शब्द! म्हणजे आपल्या दारातल्या रांगोळीचं बीज प्रत्येक पोराच्या हातात असतं. फक्त आधी ते भरपूर गिरगटू द्यावं लागतं. गोल नीट बंद करता येणं हे साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपासचं काम. त्याआधी आपण हात धरून गोल काढून घेतला तर तो गोल आपलाच.

आईला म्हटलं, एक दिवाळी अजून चालव. पुढच्या वेळी कंदील नाही. आपण किल्ला करू.

महाराष्ट्राबाहेरचे ऐकणारे असतील त्यांच्यासाठी एवढंच, की आपल्याकडे दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, वर महाराज, खाली मावळे. आणि नाशिकच्या पोरांना किल्ल्यांची काय कमी? शहराच्या उशाशी रामशेज, ज्याने मोगलांना काही वर्षं झुलवलं. जिल्ह्यातच साल्हेर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. पण किल्ला करतात ती आठ-दहा वर्षांची पोरं. मीही केलेत. त्यात दोन वर्षांच्या भावाचं काम एकच असायचं, किल्ल्यावर बसणं आणि मार खाणं.

आम्ही उलटं केलं. पोरांना जे येतं तेवढाच किल्ला. विटांचे तुकडे मी रचले, त्यावर गोणपाट टाकलं. तिथे माझं काम संपलं. माती नर्सरीतून आणली, अंगणातली नाही, कारण अंगणात मांजरं घाण करतात आणि काचेचे तुकडे असतात. चाळणीने चाळली. चाळणं हेच पोरांना इतकं आवडलं की पहिला अख्खा दिवस त्यातच गेला. एक गडी खडे वेगळे काढून फ्रॉकच्या खिशात भरत होता. हो, फ्रॉकच, बहिणीचा जुना. चिखल होणार म्हणून प्रत्येकाला घरचा जुना कपडा आणायला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी चिखल. दोन टपांत माती आणि पाणी, हात कोपरापर्यंत आत. गोणपाटावर चिखल थापायचा, बस. सरळ नाही, गुळगुळीत नाही, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला गोणपाट उघडं. मला राहवेना. मी हळूच ती बाजू लिंपायला गेलो तर आईने वरून हाक मारली, "तुला मीटिंग नाही का रे?"

आता एक गोष्ट, जी मी तेव्हा शिकलो. सगळ्याच पोरांना चिखल आवडत नाही. एका मुलाला हात ओले झाले की रडू यायचं. आईने त्याला हात लावायला लावला नाही. एक लाकडी चमचा दिला. चौथ्या दिवशी त्याने चमचा टाकला आणि एक बोट लावलं. एकच. ते बोट आईने कोणालाही दाखवलं नाही, फोटो काढला नाही, "अरे वा" सुद्धा केलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "बघतोय म्हटल्यावर काढून घेतला असता."

मग अळीव. किल्ल्यावर हिरवळ यायला मोहरी किंवा अळीव पेरतात. आई किराण्यातून अळीव घेऊन आली तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरात बाळंतीण कोण?" कारण अळिवाचे लाडू बाळंतिणीला. असो. अळीव भिजवले की त्यांच्याभोवती बुळबुळीत चिकट थर येतो, त्यामुळे ते उतारावरसुद्धा चिकटून बसतात. पोरांच्या बोटांना चिकटले, बोटं चिखलाला पुसली, झाली पेरणी. दोन-तीन दिवसांत पांढरे कोंब, पाच-सहा दिवसांत हिरवं. आणि अर्थातच जिथे बोटं जास्त पुसली तिथे झाडी, बाकी टक्कल.

किल्ल्याखेरीज तीन-चार गोष्टी केल्या, त्यातली सगळ्यात भारी सगळ्यात फुकट होती. कोऱ्या मातीच्या पणत्या, एक जाड ब्रश आणि साधं पाणी. रंग नाहीच. पणतीला पाणी लावलं की ती गडद होते, ऑक्टोबरच्या उन्हात बघता बघता सुकते, की परत लावायचं. एक पोरगी एकच पणती पाऊण तास रंगवत बसली होती. वर मी सांगितलं ना पाच-सात मिनिटं? मागे घेतो.

कणकेचा गोळा आम्ही असा करतो: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मीठ इतकं की एकदा चाटलं की पोरगं परत चाटत नाही. पण नजर ठेवायचीच, एवढं मीठ पोटात जाणं चांगलं नाही. कोणी करंजी केली, कोणी लाडू, बहुतेकांनी नुसतं थापटलं.

रांगोळीची पूड मात्र नको. दगडाची भुकटी असते ती, डोळ्यांत जाते, श्वासात जाते. त्याऐवजी तांदळाची पिठी पाण्यात कालवून फरशीवर बोटांनी. आणि मोठ्यांसाठी, म्हणजे तीन वर्षांच्या 'मोठ्यांसाठी', एक जादू: कागदाला हळदीचं पाणी लावून सुकवा, मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून टेकवा. पिवळ्यावर लाल ठिपका! कुंकू करताना जी रसायनाची गंमत होते तीच. मी स्वतः अकरा कागद संपवले.

आता जरा गंभीर. टिकल्या, मणी, थर्माकोलचे गोळे या वयात बंद. टॉयलेट पेपर संपल्यावर जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते, हे साधं माप. आणि सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारी लाइटची पणती. तिच्यात बटणासारखा छोटा सेल असतो आणि झाकणाला बऱ्याचदा स्क्रूसुद्धा नसतो. आमच्याकडे कोणीतरी प्रेमाने डझनभर आणून दिल्या होत्या. दुपारी एका पोराच्या मुठीत मला नुसतं झाकण दिसलं. सेल गादीखाली सापडला, पण सापडेपर्यंतची ती चार मिनिटं मी विसरणार नाही. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी केळं खायला घालून वाट बघत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, थेट हॉस्पिटल. त्या डझनभर पणत्या त्याच दिवशी घराबाहेर गेल्या. खऱ्या पणत्या पोरं घरी गेल्यावर पेटवतो.

सगळे पालक खूश झाले का? नाही. ग्रुपवर मी आता तयार वस्तूचा फोटो टाकतच नव्हतो. आई रोज एक ओळ बोलून पाठवायची: "आज माती चाळली." "आज चिखल. नखं काळी आहेत, रात्री नीट धुवा." तिसऱ्या दिवशी एका पालकांचा निरोप आला, की फी देतो ती मातीत खेळायला का, माती तर सोसायटीतही आहे. प्रश्न चुकीचा नाहीये. त्यांना दिवसभर पोर दिसत नाही, हातात काहीतरी यावंसं वाटतं. आईने त्यांना बोलावून चहा दिला, टप दाखवला. त्यांनी तरी दिवाळीनंतर मुलाला दुसरीकडे घातलं. तिथे दर शुक्रवारी वस्तू मिळते म्हणे, छान कापलेली. नऊची आठ झाली. महिन्याचे पैसे कमी झाले, ते आईलाही जाणवलं आणि मलाही. पुढचे चार महिने ती जागा रिकामीच होती.

शेवटच्या दिवशी पालक न्यायला आले तेव्हा नेण्यासारखं काही नव्हतंच. किल्ला कसा नेणार? आईने प्रत्येकाला कागदाच्या पुडीत चमचाभर अळीव दिले, कुंडीत टाकायला. आणि पोरांनीच बापाचा हात धरून ओढत किल्ल्याकडे नेलं. चिमणी आता साडेतीनची, सगळ्यांत मोठी. महाराज वर होते, ते मी बसवले होते. मावळे मात्र सगळे चिखलात डोकं खाली, पाय वर. ते तिचं काम.

बाबांनी या वेळी फोन काढला नाही. त्यांनी विचारलं, "हे असे उलटे का गं?"

"झोपलेत," ती म्हणाली. "दुपार आहे ना."

पाळणाघर चालू आहे. ग्रुपही आहे, पण त्याची ॲडमिन आता आई आहे आणि मला तिने फक्त वाचायची परवानगी ठेवलीय. या दिवाळीला दोन किल्ले करायचे म्हणतेय, कारण गेल्या वेळी टप कमी पडले. मला सुट्टीच्या दिवशी विटा आणायला पाठवणार आहे. तुमच्याकडे जुने टप, चाळण्या पडून असतील तर टाकून देऊ नका. आणि तुमच्या घरच्या पिल्लांनी काय उद्योग केला ते बोलून पाठवा, लिहायचे कष्ट नकोत. चला, खालून हाक आली, मीटिंगच्या आधी मला कोणाला तरी झोपवायचंय.